न विचारता काढलेला फोटो

मुंबई, जून १९३४

आक्का, तुझ्या पायावर डोकं ठिवून हौशीराम लिहितो. मी खुशाल हाये. तुझा गुडघा कसा हाये?

काल हितं एका दुकानात कार्डावर तुझा फोटो बघितला. लोणावळ्याच्या ठेसनावर करवंदं इकताना कुणी काढलाय. दोनी हात डोईवरच्या पाटीला, पदर खाली घसरलेला. तेवढा सावरू सुदिक दिला न्हाई मेल्यानं.

दुकानदाराला म्हणलं, "तिला इचारलं व्हतं का?"

"स्टेशनात कुणीही बघतं, विचारायचं काय?"

"ठेसन समद्यांचं असंल, तोंड तिचं हाये."

व्हती तेवढी कार्डं इकत घेऊन आलो. जाळाय काडी वडली, आन् हात थांबला. तुला म्या तरी कुटं इचारलंय?

एक कार्ड पाकिटात हाये. बघ, आन् बाकीच्यांचं काय करू, कळीव.

तुझा धाकटा,
हौशीराम