पाचवा उद्गार

१७ मार्च, रविवार

मिळाला! मला उद्गार मिळाला!

उत्तम शुक्रवारी प्रभूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यात यंदा मी! लग्न होऊन देवळाली प्रवरेत आल्यापासून आमच्या चर्चमध्ये मी सतरंज्या अंथरल्या, चहा गाळला. बोलायला कुणी उभं केलं नव्हतं. आज उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "विजयमालाबाई, पाचवा तुमचा."

पाचवा म्हणजे तहानेचा. प्रभू म्हणतो, तहान लागली. बस, एवढंच! माझ्याबरोबर चहा गाळणारी भागूबाई लगेच, "लई सोपा आला गं तुला. पानी पाजायचं नि खाली बसायचं." जळते मेली!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१९ मार्च, मंगळवार

सोपा कसला! चार ओळी लिहिल्या, पाच खोडल्या.

ह्यांच्यापुढे तालीम केली. दिवाळीत झटका आला, तेव्हापासून ह्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ढोलकी गळ्यात अडकवून गावोगाव भजनं म्हणणारा माझा रविराज! आता नुसतं "अं... अं..." मग मी ओळखायचं — चादर? पंखा? उशी? चुकलं की तांब्या भिरकावतात.

आजही "अं... अं..." सुरू झालं. मला वाटलं, भाषण आवडलं नाही. मी आवाज चढवला! शेवटी डाव्या हाताने माझा पदर ओढला तेव्हा कळलं — पाणी हवं होतं. तांब्या मागे ठेवलेला, आणि मी समोर उभी राहून तहानेवर प्रवचन ठोकतेय! आधी हसू आलं, मग खूप रडले.

देवा, आम्हाला विसरलास का रे?

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

ह्यांच्यासाठी एक झावळी घरी आणली. कॉटच्या दांडीला बांधू दिली, हेच खूप.

पाळकसाहेब विचारत होते, "रविराजला शुक्रवारी आणायचं का? आम्ही चौघं येतो उचलायला." मी म्हटलं, "नको साहेब, आमचं आम्ही बघू." दिवाळीपासून सगळ्यांना हेच सांगतेय. स्नेहलला, पोटच्या लेकीलासुद्धा! कुणाची दया नको. मोडेन पण वाकणार नाही.

भाषण अजून कोरडंच.

२७ मार्च, बुधवार

सापडलं!! सापडलं!!

शेजारच्या बद्रुन्निसाचे रोजे चालू आहेत. दुपारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी सरळ विचारलं, "खरी तहान कशी असते गं?"

ती म्हणाली, "तोंड कोरडं पडतं, त्याचं काय न्हाई. सांजच्याला पानी मिळनार, ठाव असतंय ना. पन ज्याला दुसऱ्याकडं मागावं लागतं, त्याची तहान येगळी." मग माझ्याकडे बघून, "ताई, तुमी तर कदी कायच मागत न्हाई. आमचा पोरगा अलीम रिक्षा घिऊन हितंच तर असतोय."

प्रभूने मागितलं की! ज्याने नद्या-समुद्र केले, त्याने परक्या शिपायांसमोर तहान बोलून दाखवली. लाजला नाही. आणि मी कोण लागून गेले? मला वाटत होतं, देवाने टाकलं. टाकलं कुठे! पाळकसाहेबांच्या, बद्रुन्निसाच्या तोंडून तोच रोज विचारत होता आणि मीच त्याला दारातून परत पाठवत होते. किती हलकं वाटतंय! नाचावंसं वाटतंय!

तिथेच म्हटलं, "शुक्रवारी अलीमची रिक्षा लागेल मला. उचलायलाही लागेल तो."

"या अल्ला! सूर्य कुटं उगवला आज?"

२८ मार्च, गुरुवार

हे यायला तयार नाहीत. तांब्या आपटला. मीही परात आपटली.

२९ मार्च, उत्तम शुक्रवार

अलीम आला आणि कॉटशेजारी उकिडवा बसला. "चाचा, रोजा धरून तुमाला उचलाया आलोय. तुमाला नुस्तं बसायचं बी जड व्हय?" ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग डावा हात त्याच्या खांद्यावर टाकला. प्रभू, तुझे किती उपकार!

चर्च गच्च भरलेलं. पाचवा उद्गार आला, मी उभी राहिले — आणि सगळं विसरले! एक शब्द आठवेना. घशाला नुसती कोरड. तोंडातून निघालं, "पाळकसाहेब, जरा पाणी देता का हो?"

आणि मागून हसण्याचा आवाज. ह्यांचा! दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले! मग सगळं चर्च हसलं, भर उत्तम शुक्रवारी. मी पाणी प्याले आणि जे ओट्यावर कळलं तेच सांगितलं. भागूबाई पदराने डोळे पुसत होती.

३१ मार्च, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटे कबरस्थानात उपासना. कबरीकबरीवर मेणबत्त्या. आज अलीमला मीच हाक मारली.

भजन सुरू झालं. ढोलकी दुसऱ्याच्या गळ्यात, पण ह्यांचा डावा हात खुर्चीवर ठेका धरत होता. ओठही हलत होते. की मलाच तसं वाटलं?

१ एप्रिल, सोमवार

कुणाला सांगितलं तर एप्रिल फूल म्हणतील!

सकाळी भाकरी थापत होते. आतून कालच्या भजनाची चाल ऐकू आली. बारीक, चिरका आवाज. शब्द मात्र भजनाचे नव्हते —

"विजे... पाणी दे... विजे... पाणी दे गं..."

बोलता येत नाही अजून. गाऊन मागितलं!