दोनदा विचारलं होतंस

प्लोवदिव, ऑक्टोबर

प्रिय रालित्सा,

आईचा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलंच दिसतंय, तेव्हा कागदावरून येते. कागद काही कट करता येत नाही. स्तोयांकामावशी सांगत होती, समुद्रावरच्या त्या खानावळीत दिवसभर मासे साफ करतेस आणि दोन घास खाऊन ताटावरून उठतेस. पोरगी कामाला वाघ आहे, पण हसत नाही, म्हणाली. मी तिला काय सांगणार? इथे घरोघरी बाल्कनीत लाल मिरच्या भाजल्याचा वास सुटलाय. मीही भाजल्या, सोलल्या, चटणी घोटून बरण्या भरल्या. दरवर्षी तू पातेल्यात बोट घालायचीस आणि पळीचा फटका खायचीस. यंदा कुणी बोट घातलं नाही. बाबा तर स्वयंपाकघराकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

तुम्ही कॉलेजची मुलं दंडाला पिवळ्या पट्ट्या बांधून जोडीजोडीनं आमच्या बसमध्ये चढायला लागलात, तेव्हा सगळ्यात आधी हसले ती मीच. आम्ही कंडक्टर काय झोपा काढतो का, असं तोंडावर म्हटलं होतं तुला. पण खरं सांगू, गर्दीत तिकिटं फाडताना मला पाठी दिसतात, हात दिसत नाहीत. तुम्हाला ते दिसायचे. कुणी एखाद्या मुलीच्या अंगचटीला येतोय असं वाटलं, की तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, हळूच विचारायचं, हा त्रास देतोय का. ती मानेनं हो म्हणाली, की दोघांनी मध्ये शिरायचं आणि पुढच्या थांब्यावर त्याला खाली उतरवायचं. तिला बोलायला लावायचं नाही, हा तुमचा नियम. भेदरलेल्या पोरीच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तुम्ही ओळखलं होतं. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या बसमधल्या पोरी पर्स छातीशी घट्ट धरायचं विसरल्या होत्या. सगळ्या डेपोत मी तुझं नाव मिरवलं.

आणि मग ती सप्टेंबरातली संध्याकाळ. बस माझी नव्हती. तुझी जोडीदार मागच्या दारापाशी गर्दीत अडकलेली. एका मुलीच्या पाठीला एक माणूस खेटून उभा. तू तिला दोनदा विचारलंस, तिनं दोन्ही वेळा मानेनंच नाही म्हटलं, म्हणून तू पुढे सरकलीस. ती नदीपलीकडे उतरली, तो तिच्या मागोमाग. पुलाखालच्या वाटेवर त्यानं तिला पाडलं. मनगट मोडलं, डोक्याला टाके पडले. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा ओरडत धावला म्हणून पुढचं टळलं. इस्पितळात तिनं जबानी दिली, की मी हो म्हटलं, तरी पट्टीवाली मला सोडून गेली. पोलिसातला साहेब म्हणाला, तुम्हा दोघींचंच जुळत नाही तर मी पकडू कुणाला? लोक म्हणाले, पट्टीवाली घाबरून पळाली आणि आता अंगाशी आलं म्हणून खोटं बोलतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाबांनी जेवताना एवढंच विचारलं, की नक्की विचारलं होतंस ना? तू ताटावरून उठलीस, सकाळी बॅग घेऊन गेलीस. माझा तुझ्यावर विश्वास होता गं. पण आईच्या विश्वासाला कोण विचारतं, तो मांजरीलाही आपल्या पिल्लावर असतो.

आता ऐक. गेल्या आठवड्यात दुपारी माझ्या बसमध्ये एक मुलगी चढली. हात गळ्यातल्या झोळीत, खिडकीशी अंग चोरून बसली. पास आहे का, मी विचारलं. तिनं मान हलवली. नाही म्हणतेय म्हणून मी तिकीट फाडून पुढे केलं. ती बावचळली, पुन्हा तशीच मान हलवली आणि डाव्या हातानं खिशातून पास काढला. मी वैतागले. अगं बाई, पास आहे तर नाही कशाला म्हणतेस? तर ती म्हणाली,

"मी हो म्हटलं."

रालित्सा, हे शब्द मला ठाऊक होते. इस्पितळातल्या त्या मुलीच्या जबानीतले. मी त्या झोळीतल्या हाताकडे बघितलं आणि तिच्या शेजारी बसकणच मारली.

दिल्याना तिचं नाव. आईबाप व्हिएन्नात कामाला, ही तिथेच वाढली, या उन्हाळ्यात आजीकडे राहायला आली. भाषा आपली चोख, पण मान तिकडची! आपण मान आडवी हलवून हो म्हणतो आणि उभी हलवून नाही. तिकडे नेमकं उलटं. आजी रोज टोकते म्हणे, आणि भानावर असली की तीही आपल्यासारखी हलवते. पण भीतीत कुणाला भान राहतं? जीव मुठीत धरलेल्या माणसाची मान लहानपणी शिकली तशीच हलणार. तिनं दोनदा हो म्हटलं, तुला दोनदा नाही दिसलं. दोघीही खरं बोललात. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती शेवटच्या थांब्यापर्यंत रडली. म्हणाली, हाताचं दुखणं सोसलं, पण एका मुलीनं आपल्याला त्याच्या हाती टाकलं हे सोसवत नव्हतं. मीही रडले. तिकडे ड्रायव्हर बोंबलतोय, तिकिटं कोण फाडणार म्हणून.

तुमच्या पट्टीवाल्या मुलांनी आता नियम बदललाय. मानेचं काम नाही. मुलीनं पिवळ्या पट्टीला हात लावायचा, की झालं. घरी बाबांना सगळं सांगितलं. ते उठून बाल्कनीत गेले, मिरच्यांची थंड पडलेली भट्टी पुसत बसले. मग म्हणाले, "तिला लिही. मला नाही जमायचं."

आणि लिहायचं ते हे. तो माणूस सापडलाय. दुसऱ्या एका मुलीच्या मागे लागला, तेव्हा एका दुकानदारानं धरून दिला. म्हणतो, त्या संध्याकाळी मी बसमध्ये नव्हतोच. दिल्यानानं त्याचं तोंड पाहिलेलं नाही. बसमध्ये तो पाठीशी होता आणि पुलाखाली अंधार. समोर होतीस ती तू. संत दिमितरच्या सणानंतरच्या सोमवारी पोलीस चार जणांत उभं करून त्याला दाखवणार आहेत. तू नाही आलीस तर तो सुटेल आणि पुन्हा बसमध्ये चढेल, कदाचित माझ्याच. दिल्यानालाही जबानीसाठी बोलावलंय. म्हणते, मी रालित्साबरोबरच आत जाईन, एकटी जाणार नाही. तिनं तुझी पट्टी माझ्याकडून मागून घेतली आणि तुला द्यायची म्हणून धुऊन ठेवलीय. येशील ना गं? फोन कर, आणि हो की नाही ते तोंडानं सांग. मानेवर आता या घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

तुझीच,
बरणी उघडून वाट बघणारी
आई