दाजींच्या बाजूचं काँक्रीट

चिरंजीव ओलमास यास,

शाळेच्या तलावाच्या काठावरून नियाज मामाचे आशीर्वाद. तिकडे रशियात, समाऱ्याला गारठा सुरू झाला असेल, कान झाकून कामावर जात जा. इकडे माझी तब्येत उजवा गुडघा सोडला तर ठणठणीत आहे, आणि त्या गुडघ्याची हकीकत सांगायलाच बसलो आहे. आमच्या शाळेचा पोहण्याचा तलाव वसंतात नवा केला हे तुला फोनवर सांगितलं होतं. (शाळेनं मला निवृत्त केलं, मी शाळेला अजून केलेलं नाही. आणि फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस तेव्हा मागे यंत्र घरघरत असतं, म्हणून हे पत्र.) फरशा निळ्या, पाणी निळं, बघत राहावं असं. घोटाळा झाला तो भोवतालच्या काँक्रीटचा.

हशरला, सगळ्यांनी मिळून करायच्या कामाला, अख्खा मोहल्ला लोटला होता. हशरात कुणी मजुरी घेत नाही, त्यामुळे कुणाची चूकही काढता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. चार बाजू चार म्हाताऱ्यांनी वाटून घेतल्या. युल्दोशकाकांनी पातळी नुसत्या डोळ्यानं पाहिली (तो डोळा मोतीबिंदूचा). पलीकडच्यांनी नळीत पाणी भरून शास्त्रशुद्ध माप धरलं होतं, पण मध्येच पुलाव आला आणि ती नळी कुणीतरी हात धुवायला नेली. पूर्वेची बाजू तुझ्या वडिलांनी, आमच्या हमरो दाजींनी, मागून घेतली. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, थापी पहिल्यांदाच हातात धरत होता. हात तेव्हाच थरथरायला लागला होता. त्यांची बाजू चार बोटं वर चाललीय हे सगळ्यांना दिसत होतं, पण बहिणीच्या नवऱ्याच्या हातातली थापी काढून कोण घेणार? मी म्हणालो, "वा दाजी, झकास." त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि आणखी एक बादली ओतली.

उन्हाळ्यात ते गेले. सकाळी गेले आणि दिवस मावळायच्या आत माती दिली. एवढ्यात तू कसा पोचणार होतास? त्याबद्दल तुला इथे कुणी बोल लावत नाही. मात्र तेव्हापासून ती बाजू फोडायला कुणी तयार होईना.

मग आम्ही अक्कल चालवली. दाजींची बाजू खाली आणता येत नसेल तर उरलेल्या तीन वर उचलू. पुन्हा हशर, पुन्हा पुलाव. वरून ओतलेला पातळ थर आठवड्याभरात समोशाच्या पापुद्र्यासारखा सुटला आणि तलावात जाऊन बसला. त्यानंतर जिथे ठेच लागते तिथे मुख्याध्यापकांच्या घरचा गालिचा अंथरला, हेतू हा की उंचवटा दिसू नये. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांना तो खरोखरच दिसला नाही. साहेब टायसकट पाण्यात. (पाणी किती खोल आहे हे त्यांना मोजायचंच होतं.) त्यांना हात द्यायला धावलो तो मीही तिथेच अडखळलो, आणि माझा गुडघा गेला. बाहेर आल्यावर त्यांनी बजावलं, काठ सपाट होईपर्यंत एकही मूल पाण्यात उतरता कामा नये. पोरं रोज कुंपणाला नाक लावून उभी राहायची.

शेवटी मर्गिलानहून काँक्रीट घासायच्या यंत्रासकट एक माणूस आणला. तुझी आई त्याच्यासाठी चहा आणि गरम रोटी घेऊन आली, त्याच काँक्रीटवर बसली आणि सांगायला लागली, की त्या दिवशी दाजी घरी आले ते कपडेसुद्धा बदलेनात. "म्हणाले, सनोबर, यावर पोरं अंग वाळवत बसतील बघ." त्या माणसानं चहा संपवला, डोळे पुसले, यंत्र गाडीत चढवलं आणि निघून गेला. रोज संध्याकाळी ती तिथेच जाऊन बसते. घरी चल म्हटलं तर म्हणते, "बसू दे रे, अजून ऊब आहे." मला ते बघवत नाही, ओलमास.

तेव्हा बाबा, तू काँक्रीटमधला माणूस. बापाचं काम मुलानं नीट केलं तर त्यात कुणाचा अपमान होत नाही. थोडी रजा काढ आणि येऊन एवढी बाजू सपाट करून दे.

तुझा
नियाज मामा

ता. क. येताना घासायच्या चकत्या घेऊन ये. इथल्या बघता बघता झिजतात.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या आईनं पत्र वाचून घेतलं आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. पोराला खोटं सांगून बोलावू नकोस म्हणाली. तर खरं असं, की काठ गेल्या शुक्रवारीच सपाट झाला. पहिला घण तिनंच घातला. कुणी पुढे होईना तेव्हा म्हणाली, "पोरांची बोटं फुटलेली त्यांना चालली असती का?" आता पोरं दिवसभर त्यावरून धावतात. ती तिकडे फिरकत नाही. संध्याकाळी दारात बसते आणि रस्त्याकडे बघत राहते.

आणखी एक. ती म्हणते, लिही, माझं उत्तम चाललंय, कामाच्या दिवसांत त्यानं उगाच धावपळ करू नये. तिनं सांगितलं तसं लिहिलं. इथे तुझ्यासाठी काहीही काम नाही. तू ये.