अब्बांची बंदूक रत्नागिरीहून खानापूरला

मी, कमरुद्दीन हसन मुकादम, वय एकोणसत्तर, मूळ गाव दाभोळ, हल्ली मुक्काम करामा, दुबई, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे.

१. करामातलं घर भाड्याचं. त्यावरून भांडू नये. दाभोळचं घर व शिल्लक मुलगा फहद आणि मुलगी अफशा यांना शरीयतप्रमाणे.

२. अब्बांची एकनळी बंदूक त्यांच्या इंतकालापासून, म्हणजे अकरा वर्षं, रत्नागिरीच्या परवानाधारक दुकानात जमा आहे. वारस दोघे: मी आणि धाकटी बहीण शहरबानू. तिची भातशेती कर्नाटकात, खानापूरला. रानडुकरं पिकाचं वाटोळं करतात म्हणून तिला तिकडचा परवाना मिळाला. अडलं माझ्या ना-हरकतीवर. मी दर वेळी खुसपट काढलं. एकदा बंदुकीच्या नंबरातला एक आकडा पुसट आहे म्हणून कागद परत धाडला. जबल अलीच्या बंदरात तीस वर्षं परक्यांच्या मालाचे कागद केले, एक कंटेनर अडू दिला नाही. सख्ख्या बहिणीचा माल मात्र अडवला.

कारण पोरकट आहे. लहानपणी माझा पहिला बार शेजारच्या दगडूकाकांच्या तांब्याच्या हंड्याला लागला. अब्बा पोट धरून हसले आणि बंदूक शहरबानूच्या हाती दिली. तिने माडावरचा नारळ पाडला. खाडीवरून परत आलेला तो आवाज, बंदुकीच्या दारूचा वास, अब्बांचं "शाबास गं बाय!" आजही आठवतं आणि घर फार आठवतं. ती शाबासकी मला हवी होती.

फहद म्हणतो, "अब्बू, इट्स जस्ट अ गन. साइन करा, खलास!"

३. माझ्या पश्चात बंदुकीवरचा माझा हक्क शहरबानूला जावा. राज्याची हद्द ओलांडण्याआधी वाहतुकीचा परवाना हाती असावा. बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत. काडतुसं सोबत नकोत. हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आधी कागद दाखवावेत, मग पेटी.

४. हे कलम काल तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाई, म्हणजे डुकरांना सांगू, तू मरेस्तोवर थांबा?" मी हसलो, मग रडू आवरेना. सबब कलम तीन रद्द; नेण्याच्या सूचना तेवढ्या कायम. ना-हरकतीवर आज सकाळी भारतीय वकिलातीत सही करून ती रवाना केली. माझ्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंत ही बंदूक शोधू नये. ती शहरबानूची आहे, आणि त्या नारळापासून तिचीच होती.

सही: कमरुद्दीन हसन मुकादम
साक्षीदार: गुणवंत राजाध्यक्ष, धनंजय कारखानीस, आमच्यासमोर सही केली.
करामा, दुबई. ११ फेब्रुवारी २०२५