गुरुवारची मानदुखी

गुरुवार, संध्याकाळ. ऐरोली.

आज पुन्हा खोटं बोलले. दर गुरुवारी ऑफिसमधून मानेच्या फिजिओथेरपीला जाते, असं घरी सांगितलंय. जाते मात्र सीवूड्सला, मातीकामाच्या क्लासला. सरळ का नाही सांगत मी? चाळिशीतल्या बाईने दुखणं सांगितलं की कोणी काही विचारत नाही. चाकावर वाडगा करायला जाते म्हटलं, की लगेच 'कशासाठी?' आजचा वाडगा वाकडाच झाला. पण तो हातात फिरत होता तेवढा वेळ डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. निघताना नखातली माती घासघासून धुतली.

घरी आले तर सासूबाईंनी तेल कोमट करून ठेवलेलं. "बस, मान चोळून देते." संधिवाताने वाकडी झालेली त्यांची बोटं माझ्या न दुखणाऱ्या मानेवर फिरायला लागली आणि मला रडूच आलं. आता खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "नखातली माती नीट काढत जा गं. मागच्या गुरुवारी कणकेत आली होती."

त्या चोळतच होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी माझीपण मान दुखणार आहे."