वर झाकण, खाली वाटी

प्रिय वेंडेल,

अक्षर ओळखलंस ना? एकतीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. शनिवारी तुझा निवृत्तीचा सत्कार. तुझ्या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडेही लेख मागितला. शाळामास्तरीण असले तरी इथले जुने शिंपले ओळखायला हल्ली मलाच बोलावतात. मी दिला. इतक्या आनंदाने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

टेक्सासमधली आमची खडूच्या दगडाची खाण आठवते? बाबा तिथे सुरुंगाची भोकं पाडायचे आणि जेवणाच्या डब्यातून दगड झालेले शिंपले घरी आणायचे. तो चपटा, रेघारेघांचा शिंपला त्यांनीच आणला. तू तेव्हा अशाच शिंपल्यांवर निबंध लिहीत होतास, माझ्याशी लग्न करणार होतास आणि आमच्या ओसरीवर आईने केलेले कोलाचे, ते मुरांबा भरलेले गोड पाव, हादडत होतास. बाबा म्हणाले, "अरे, हे नुसतं झाकण. ती जाड, वाकडी वाटी सापडते ना आपल्याला, तिचंच." तू त्यांच्या दोस्तांसमोर फिदीफिदी हसलास. "मिस्टर मारेक, तुम्ही दगड फोडा, शिंपल्यांना नावं द्यायचं माझ्यावर सोडा!" वर म्हणालास, शिंपल्याची ही जात नवीच आहे, तिला तुमचं नाव देतो. झालं! बाबा हरखले, अख्ख्या खाणीला सांगत सुटले.

निबंध छापून आला तेव्हा नाव होतं मार्जोरीचं, तुझ्या विभागप्रमुखाच्या मुलीचं. तुला नोकरी मिळाली, बायको मिळाली. मला दोन ओळीसुद्धा नाहीत. खाणीत बाबांना रोज टोमणे, "काय अलोइस, कुठे अडलं तुझं नाव?" त्यांनी शिंपले आणणंच सोडलं. पुढच्या हिवाळ्यात गेले. त्याचा दोष तुला देत नाही. बाकी सगळ्याचा देते.

तेव्हापासून प्रत्येक सुट्टी मी ओढ्याकाठी घालवली. हे शिंपले मेल्यावर उघडतात, दोन्ही शिंपा वेगळ्या वाहून जातात, म्हणून तर तुझं फावलं. गेल्या मार्चमध्ये मला मिटलेला सापडला. खाली वाटी, वर तुझं झाकण, बिजागरीसकट. त्या वाटीला शंभर वर्षांपूर्वीच नाव पडलंय, आणि एका प्राण्याला दोन नावं पडली की आधीचं राहतं, नंतरचं बाद. बाबांचं नाव आता कधीच लागणार नाही, याचं मला वाईट वाटतं. पण मार्जोरीचंही पुसलं जाईल. आणि हे सर्वांत आधी अलोइस मारेकने ओळखलं, असं लेखात स्वच्छ छापलंय.

शनिवारी माझा लेख वाचून झाला की तो दगड मी भर सभेत तुझ्या हातात देणार आहे. शिंपला हातात असताना तुला खोटं बोलता येत नाही. तुझी तेवढी एकच गोष्ट मला खरोखर आवडायची. आधी कळवतेय ते दया म्हणून नव्हे. आज मंगळवार. मार्जोरीला तिचं नाव गेल्याचं, आणि ते कुणाचं हिसकावून तिला दिलं होतंस तेही, तुझ्या तोंडून कळायला चार दिवस आहेत. नाही सांगितलंस तर मी सांगेन. माझी खुर्ची तिच्या शेजारीच मागून घेतली आहे.

एके काळी तुझीच,
लुडमिला मारेक