बोटांवरून वाचलेली चाल

छत्रपती संभाजीनगर,
५ जानेवारी २०२५

ती. धम्मानंद काकांस,
नीलमचा सविनय जय भीम. वि. वि.

सरजाकाकू फोनवर म्हणाली, तुमचं ऐकणं आता पार गेलं, मशीनचाही उपयोग होत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या घुमटाच्या चित्रपटगृहात फेब्रुवारीत माहितीपट दाखवायचे आहेत. पहिला हजारो वर्षांपूर्वी गवताच्या नावेतून समुद्र ओलांडणाऱ्यांचा, दुसरा अवकाशात जाणाऱ्या माणसांचा. तिसरा आम्हीच केलेला, आपल्याकडच्या बँडवाल्यांवरचा, आणि तिथंच अडलंय. १९८३ सालचं एक रीळ मिळालं, पूर्णा स्टेशनबाहेरच्या मिरवणुकीचं. सगळ्यांत पुढे चालणाऱ्या एका क्लॅरोनेटवाल्याची बोटं अगदी जवळून दिसतात, पण रिळाला आवाजच नाही. चित्र चालू असताना वादकांनी समोर बसून तेच वाजवायचं ठरलंय. काय वाजवायचं ते कुणाला सांगता येईना. तुम्ही पंचवीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. बोटं बघून सूर सांगाल का?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची पुतणी,
नीलम


चुडावा,
१४ जानेवारी २०२५

चि. नीलमस,
मंगल आशीर्वाद.

पत्र पावलं. सरजा म्हणते जा. तिचं काय जातंय. बहिऱ्यानं वाजंत्र्यांचा सिनेमा बघायचा म्हणल्यावर लोक हसतील. दोन वर्षं झाली, गावातून बँड जायला लागला की मी घरात जाऊन बसतो. वाजवणाऱ्यांचे गाल फुगलेले दिसतात आन आवाज न्हाई, ते सोसत न्हाई. तवा मला बोलवू नको.

पण एक विचारतो. नावेचं गवत भिजून बुडत कसं न्हाई? आन अवकाशात माणूस यानाबाहेर येतो, तवा त्याला काय ऐकू येतं? शाळेतले सिद्धोधन मास्तर म्हणतात, बाहेरचं काहीच न्हाई. खरं का? घुमटात मान वर करून बघावं लागतं का, तेबी कळव. जेवणाची हयगय करू नको.

तुझा काका,
धम्मानंद


छत्रपती संभाजीनगर,
२२ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जय भीम. वि. वि.

मास्तरांचं खरं आहे. बाहेर हवाच नाही, त्यामुळे आवाज नाही. टोपाच्या आत स्वतःचा श्वास आणि रेडिओवरचं बोलणं, एवढंच. नावेचं गवत मात्र पाणी पितं. पेंढ्या घट्ट बांधतात म्हणून काही आठवडे तरंगतं, तेवढ्यात किनारा गाठायचा. आमच्याकडे खुर्चीत मागं रेलून बघतात, आणि रॉकेट उडताना खुर्च्या हलतात. ज्यांना ऐकू येतं त्यांनाही ते कानाआधी छातीत कळतं.

आता मुख्य गोष्ट. रिळातले गृहस्थ कोण ते काल कळलं. पूर्ण्याचे माणिकराव मास्तर. तुमचे उस्तादच ना? या काका. हसणाऱ्यांना मी बघून घेईन. जेवते वेळेवर.

वाट बघत,
नीलम


चुडावा,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. नीलमस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. सरजाला रॉकेट तीनदा सांगून झालं. ते खुर्चीतून थेट बरगड्यात शिरलं, ढोलाला खेटून उभं राह्यल्यावर व्हायचं तसं. नावेतल्या माणसांची तोंडं बघून समजलं, किनारा दिसेपर्यंत त्यांनाबी आपण पोचतो का न्हाई ते ठाऊक न्हवतं.

तुला एक सांगायचं राह्यलं. तिथं आल्यावर दुसऱ्या दिवशी मी रीळ मधीच थांबवायला लावलं आन बाहेर निघून गेलो. तू समजलीस डोळे दुखायलेत. डोळ्याचं न्हवतं. पहिली चाल मास्तरांनी मला शिकवलेली. बोटं बघून सूर भराभर लिहिले. त्यानंतर जे आलं ते मला ठाऊकच न्हवतं. माझ्याकडं व्हतं ते सगळं तुला दिलं, असं मास्तर मला म्हणाले व्हते. त्या शब्दावर मी हयात काढली. मग ही चाल कुणासाठी ठेवली? पायरीवर बसून त्यांचा लय राग आला, आन गेलेल्या माणसावर रागावलो म्हणून शरमबी वाटली.

परत येऊन पुन्हा पुन्हा बघितलं. आठव्या खेपेला ध्यानात आलं. त्यांचं एक बोट उचलून तसंच थांबतं, मागं येतं, दुसरीकडं वळतं. मास्तर कधी अडखळत नसत. ती चाल त्यांना तिथंच, रस्त्यात, सुचायली व्हती. आधी त्यांच्यापाशी न्हवतीच, तर देतील कुठून? पुढं त्यांनाबी आठवली नसंल. म्हणून तुमच्या क्लॅरोनेटवाल्या प्रियांकाला मी सांगितलं, पाठ केल्यासारखं वाजवू नको, त्या बोटापाशी तूबी थांब.

रविवारी खेळाच्या वेळी तू सिनेमाच्या मशीनच्या खोलीत व्हतीस, म्हणून तुला दिसलं नसंल. मी पडद्याकडं पाठ करून लोकांकडं तोंड करून बसलो. पहिल्या चालीला लोक माना डोलवायले, शेजाऱ्याशी बोलायले. दुसरी सुरू झाली तशी तोंडं मिटली. एक बाई पिशवीत काही शोधायली व्हती, तिचा हात पिशवीतच राह्यला. मग प्रियांका थांबली असंल, कारण सगळं थेटर थांबलं. आन एकदम श्वास सुटून सगळ्यांच्या छात्या खाली आल्या.

मास्तरांची चाल ऐकून आलो, असं मी गावात सांगतो. कुणी हसत न्हाई.

आठवण करतेस तशीच करत राहा.

तुझा काका,
धम्मानंद